दहाची गोळी दहालाच

वाळवा तालुक्यातल्या एका गावातून सुनेचं पत्र आलं आहे. त्या अंगणवाडी सेविका आहेत, यजमान साखर कारखान्यात पाळीवर जातात. सासरे, म्हणजे आबा, ७४ वर्षांचे. जठराचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी "आता उपचारांचा उपयोग नाही, घरी न्या, सेवा करा" असं सांगून फाइल आणि गोळ्या हातात दिल्या. त्यात मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेत. यजमानांनी त्या कपाटात कुलपात ठेवल्यात आणि आबा अगदीच कळवळायला लागले की एक काढून देतात, कारण "ही गोळी सुरू केली की माणूस लवकर जातो" असं त्यांच्या मनात बसलंय. आबांचं खाणं दोन-तीन चमच्यांवर आलंय. पुण्याची नणंद रोज फोनवर म्हणते, "उपाशी मारताय त्यांना. मिरजेला अ‍ॅडमिट करा, नळी घाला." आजाराचं नाव आबांना कुणी सांगितलेलं नाही. पण परवा रात्री त्यांनी सुनेचा हात धरून विचारलं, "मी यातनं आता उठत न्हाई, व्हय गं?" त्या काहीच बोलू शकल्या नाहीत. त्यांचा प्रश्न: आबांना घरी ठेवावं की मिरजेला न्यावं? घरी ठेवून आपण त्यांना मारतोय का?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. आबांना तुम्ही मारत नाही आहात. आजार त्याच्या वाटेनं चाललाय, आणि तो मिरजेतही त्याच वाटेनं चालणार आहे.

घरी की दवाखान्यात, या प्रश्नाकडे येऊच. पण तुमच्या पत्रात त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. दुखण्याची गोळी लिहून दिलेली आहे, ती घरात आहे, आणि तरीही आबा कळवळतायत. आज ते वॉर्डात असते तर सिस्टरांनी पहिलं काम ती गोळी वेळेवर देण्याचं केलं असतं. ते काम तुमच्या घरात आज रात्रीपासून होऊ शकतं.

मॉर्फिनची साधी गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या तासात काम करायला लागते, तासाभरात तिचा पुरा जोर येतो आणि चार तासांत ओसरतो. म्हणून ती साधारणपणे चार-चार तासांनी लिहितात. दुखल्यावरच द्यायची असं ठरवलं तर आबांनी आधी कळवळायचं, मग कुलूप उघडायचं, मग पुन्हा अर्धा तास वाट बघायची. तोवर उसळलेलं दुखणं एका गोळीला दाद देत नाही, त्याला आवरायला जास्त औषध लागतं, आणि घरातले म्हणतात, "बघा, गोळीनंही काही होत नाही." घड्याळाप्रमाणे दिली की दुखण्यानं डोकं वर काढायच्या आत पुढची गोळी पोचते. नेहमीच्या वेळा अशा: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. मध्यरात्री कुणाला उठायला लागू नये म्हणून रात्री १० वाजता दुप्पट मात्रा द्यायची पद्धत आहे, पण डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तरच. आबांच्या यकृतात आजार आहे. अशा वेळी डॉक्टर कधी मात्रा कमी ठेवतात, कधी दोन गोळ्यांमधलं अंतर वाढवतात. म्हणून चिठ्ठी हातात घेऊन फोन करा आणि दोन गोष्टी नीट विचारून घ्या: किती तासांनी किती, आणि दोन वेळांच्या मध्ये दुखणं उसळलं तर जादा गोळी किती. हा दुसरा प्रश्न बहुतेक घरं विचारतच नाहीत आणि मग रात्री एक वाजता अडतात.

यजमानांच्या भीतीला मी हसणार नाही. गावोगाव ती आहे, आणि तिचं कारणही आहे. ही गोळी पुष्कळदा फार उशिरा, माणूस अगदी शेवटाला आल्यावर सुरू होते. दोन-चार दिवसांत तो जातो आणि बघणारे गोळीची आणि मरणाची गाठ मारून टाकतात. ठरवून दिलेल्या मात्रेत, दुखण्याच्या मापानं वाढवत नेलेल्या मॉर्फिननं आयुष्य तुटत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप जास्त येते. तिच्यातली बरीचशी झोप ही कित्येक रात्री न झोपलेल्या माणसाची थकबाकी असते. मळमळ पहिल्या आठवड्यात होऊ शकते, तिच्यावरची गोळी आधीच लिहून घ्या. गोळी मनानं एकदम बंद मात्र करायची नाही. लक्ष ठेवायचं ते इथे: हाका मारून, खांदा हलवूनही आबा जागे होत नाहीत, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी झालाय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. असं दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन.

एक त्रास मॉर्फिन हमखास देतं आणि शरीराला त्याची सवय होत नाही, तो म्हणजे बद्धकोष्ठ. म्हणून मॉर्फिनबरोबर रात्रीची पोट साफ होण्याची गोळी चालूच ठेवायची, त्रास व्हायची वाट बघायची नाही. इसबगोल देऊ नका. त्याला भरपूर पाणी लागतं आणि आबा दोन घोट पितात. ते आतड्यात खळीसारखं घट्ट बसतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर सिस्टरांना बोलवा. आणि एक फसवं लक्षण: पोट कडक, शौचाला होत नाही, आणि मधेच पातळ ओघळ. हे जुलाब नसतात. अडकलेल्या खड्याच्या कडेनं पाणी वाट काढतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर आबांचे हाल वाढतील.

तुम्ही अंगणवाडीत रोज रजिस्टर भरता. तशीच एक वही आबांच्या उशाशी ठेवा. वेळ, काय दिलं, देण्याआधी दुखणं किती, तासाभरानं किती, लघवी, शौच. दुखणं मोजायला दवाखान्यात "दहापैकी किती" असं विचारतात. आबांच्या वयाच्या माणसाला ते परकं वाटतं. "आबा, रुपयातलं किती आणे दुखतंय?" असं विचारा. बारा आण्याचं चार आण्यावर आलं तर गोळी पुरतेय. दोन दिवस सतत आठ आण्याच्या वर राहिलं तर पुरत नाही, आणि डॉक्टरांना फोनवर वही वाचून दाखवली की मात्रा ठरवायला त्यांना पाच मिनिटं लागत नाहीत. "लई दुखतंय" एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही. यजमानांनाही वही वाचू द्या. भीती समजावण्यानं कमी होते त्यापेक्षा जास्त अशा ओळींनी होते.

या गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, हे तुम्हाला कळलं असेलच. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून मान्यताप्राप्त दवाखान्यांना त्या ठेवणं सोपं झालं, पण सगळीकडे त्या असतातच असं नाही. आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची सोय बघा. आबांना गाडीत घालून न्यायला हवं की फाइल घेऊन घरातलं माणूस गेलं तरी चालतं, हे आधी फोनवर विचारा. सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेत "पॅलिएटिव्ह केअर" (आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा) हा शब्द वापरून चौकशी करा. "कॅन्सरचे डॉक्टर" म्हणून विचारलंत तर पुन्हा उपचारांच्याच रांगेत उभं करतील. आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या सिस्टरांनाही सांगून ठेवा. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये अशा रुग्णांची काळजी धरलेली आहे, आणि लघवीची नळी बदलायला किंवा जखम बघायला त्याच घरी येऊ शकतात.

आता उपाशी मारण्याबद्दल. हा शब्द फार लागतो, कारण आपल्याकडे माया ताटातून दाखवतात. पण आबांच्या शरीरानं अन्न वापरणंच थांबवत आणलंय. भूक मेली म्हणून आजार वाढला असं झालेलं नाही; आजार इथवर आला म्हणून भूक मेली. नणंदेला सलाईनचा हिशोब सांगा: ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, चहाचे पाच चमचे. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तेवढीही नसते. आणि ते पाणी थकलेल्या शरीराला पेलत नाही. पायांवर सूज येते, पोटात पाणी वाढतं, छातीत घरघर वाढते. नाकातून नळी घातली तर ती जाणार त्याच जठरात, जिथे आजारानं जागा अडवलीय. उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आणि माणूस नळी उपसायला लागला की त्याचे हात बांधून ठेवतात. आबांचे हात बांधलेले तुम्हाला चालणार आहेत का, एवढंच नणंदेला विचारा.

द्यायचं काय? त्यांना आवडेल ते, चमच्यानं, मागतील तेव्हा. मऊ भाताचं पाणी, मुगाचं कढण, दोन चमचे उसाचा रस, गार ताक. पाठीला उशा लावून बसवून द्यायचं आणि नंतर अर्धा तास तसंच टेकवून ठेवायचं. तोंड फिरवलं की चमचा खाली.

तहान मात्र खरी असते, आणि ती बहुतेक तोंडाच्या कोरडेपणाची असते. तिच्यावर इलाज तुमच्या हातात आहे. एक पेला उकळून गार केलेलं पाणी, त्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा. जुन्या धोतराचा मऊ तुकडा बोटाला गुंडाळायचा, या पाण्यात बुडवून पिळायचा आणि गालांच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून हलकेच फिरवायचा. दर दोन तासांनी, जागे असतील तोवर. कवळी असेल तर ती रात्री काढून ठेवा. ओठांना साजूक तूप लावा. ग्लिसरीन नको, त्यानं ओठ आणखी सुकतात. जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे डाग दिसले तर खरवडू नका. ती बुरशी असते, डॉक्टर त्याचे थेंब देतात. हे काम पुण्याहून आलेल्या लेकीला पहिल्या दिवशी शिकवा. वडलांसाठी काही करता येत नाही म्हणून ती फोनवर चिडते, असं मला पत्र वाचताना वाटलं. लांब राहणाऱ्या माणसाला दवाखान्याचं नावच तेवढं घेता येतं. तिला चार दिवस बोलवा आणि आबांचं तोंड तिच्या हातात द्या.

कूस बदलणं दर दोन तासांनी. एक जुनं लुगडं चौघडी करून आबांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत कायमचं अंथरून ठेवा. दोन बाजूंनी दोघांनी त्याचे काठ गुंडाळून धरायचे आणि आबांना उचलून सरकवायचं. काखेत हात घालून ओढलं की चादरीवर कातडी घासते आणि जखम तिथूनच सुरू होते. पूर्ण कुशीवर आडवं करायचं नाही, पाठीमागे उशी लावून थोडं कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. माकडहाडाची जागा लाल दिसली तर ती चोळू नका, तिच्यावर भार येऊ देऊ नका. रबराची गोल रिंग खाली घालू नका, ती कडेचं रक्त अडवते. हवेची गादी मिळाली तर चांगलंच, पण गादी आहे म्हणून कूस बदलणं बंद करायचं नाही. अंग पुसायचं असेल, डायपर बदलायचा असेल, तर गोळी दिल्यावर पाऊण-एक तासानं, म्हणजे दुखत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट आहे आणि ती तुम्ही पत्रात फक्त एका वाक्यात लिहिलीय: डायपर बदलताना आबा डोळे मिटून घेतात. ताई, ही सासऱ्याची सुनेपुढची लाज आहे. आयुष्यभर तुमच्यासमोर खाकरून दारात येणारा माणूस आहे तो. तुम्ही कितीही मायेनं केलंत तरी त्यांना ते रोज सोसावं लागतंय. हे काम तुमच्या यजमानांनी शिकायला हवं. पहिले दोन दिवस सिस्टरांसमोर करायचं, मग जमतं. यजमानांची कारखान्यात पाळी असेल त्या दिवशी गावातला एखादा पुतण्या, भाचा. दुसरं कुणी नसेलच तर तुम्ही करा, पण मांड्यांवर पंचा टाकून, फक्त लागेल तेवढाच उघडा करून, आणि आधी सांगून, "आबा, मी आता कूस वळवतेय." ते बोलत नसले तरी सांगायचं.

आबांनी हात धरून जे विचारलं, त्याबद्दल. "त्यांना काही माहीत नाही" असं घरात सगळे धरून चाललेत. मला तसं वाटत नाही. माणसाला आपलं शरीर कळतं. सगळ्यांनी तोंड मिटल्यामुळे आबा एकटे पडलेत, आणि त्यांनी बोलण्यासाठी तुम्हाला निवडलंय. तुम्हाला निकाल सांगायचा नाहीये. पुन्हा विचारतील तेव्हा हात सोडू नका आणि विचारा, "तुम्हाला काय वाटतं, आबा?" मग गप्प बसा. मिनिटभर, दोन मिनिटं. ते विषय बदलतील, तर तुम्हीही बदला. त्यांना तेवढंच हवं होतं. ते म्हणतील, "दिवस भरत आलं," तर "न्हाई हो, असं कसं" म्हणून तो दरवाजा लावू नका. "आजार मोठा आहे, आबा. तुम्हाला दुखू द्यायचं नाही एवढं आम्ही बघतोय. मनात काही आहे का?" बहुतेकांच्या मनात असतंच. कुणाला भेटायचं असतं, भावाशी जुना अबोला मिटवायचा असतो, सातबाऱ्यावरच्या नावांचा विषय असतो, माळकऱ्याला दारात एकदा भजन हवं असतं. हे सगळं माणूस शुद्धीत आहे तोवरच होतं. यजमानांना आधी विश्वासात घ्या, पण आबांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही हे त्यांना स्पष्ट सांगा.

आणि घरी की दवाखान्यात, हेही आबांनाच विचारा. शुद्धीत असलेल्या माणसाला उपचार नको म्हणायचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि शेवटचे कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायची सोय जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तेव्हा नळी न घालणं म्हणजे गुन्हा, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका.

तरीही दवाखाना वाईट आणि घर पवित्र, असं मी म्हणणार नाही. नेण्याआधी स्वतःला एकच विचारा: तिथे असं काय होईल जे इथे होणार नाही? कधी कधी याला खरं उत्तर असतं. पोटात पाणी भरून श्वास अडतोय, तर ते काढायला नेऊन त्याच दिवशी परत आणता येतं. उलट्या थांबत नाहीत, रक्ताची उलटी झाली, दोन जादा गोळ्यांनंतरही दुखणं बारा आण्यांवरच आहे, लघवी तुंबून ओटीपोट फुगलंय, किंवा तुम्ही घरातली माणसंच आता उभी राहू शकत नाही, तर जरूर न्या. तुमचं थकणं हेही कारण धरायचं. फक्त भरती करताना साधा वॉर्ड मागा आणि "आयसीयू आणि व्हेंटिलेटर नको" हे पहिल्याच तासाला सांगून फाइलवर लिहून घ्या. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरांशी हे बोलणं फार अवघड जातं.

शेवटचे दोन-तीन दिवस कसे दिसतात हे माहीत असलं तर घाबरून १०८ ला फोन जात नाही. झोप जवळजवळ दिवसभर. लघवी थोडी आणि गडद. हातपाय गार, गुडघ्यांवर, तळपायांवर जांभळट जाळी. श्वास भराभर, मग मधेच थांबतो, पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, मग पुन्हा सुरू. घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला ती सोसवत नाही, पण आबांना तोवर तिची जाणीव नसते. कुशीवर कलतं करा, डोक्याची बाजू थोडी वर घ्या. घशात नळी घालून कफ ओढायला लावू नका. श्वास लागल्यासारखा वाटला तर खिडकी उघडा, चेहऱ्यावर पंख्याचा वारा येऊ द्या, भोवतालची गर्दी कमी करा. गोळी गिळता येईना, तर ती कशी द्यायची हे आधीच विचारून ठेवा. साधी गोळी चुरून पाण्याच्या दोन थेंबांत गालाच्या आत ठेवता येते. दिवसभर पुरणारी जी वेगळी गोळी असते ती कधीही चुरायची नाही. कान शेवटपर्यंत जागे असू शकतात, म्हणून खाटेशी उभं राहून लाकडांचं, जेवणावळीचं बोलू नका.

गंगाजल आणि तुळशीचं पान आपण देणारच. फक्त चमच्यानं ओतू नका. गिळता न येणाऱ्याचा त्यानं ठसका लागून जीव घुसमटतो. बोट बुडवून ओठांना लावा, पान ओठांवर ठेवा. आणि जमिनीवर घ्यायची रीत असेल तर ऐन वेळी चौघांनी उचलून खाली ठेवण्यात शेवटचा अर्धा तास दुखण्यात जातो. आबांची गादी आत्ताच, आठवडाभर आधी, भुईवर घ्या. वाकून करताना तुमची कंबर दुखेल हे खरं. पण रीतही सांभाळली जाते आणि शेवटी त्यांना कुणी हलवत नाही.

शेवट घरीच व्हायचा असं ठरलं तर तुमच्या गावच्या डॉक्टरांशी आजच बोला: फाइल बघून मृत्यूच्या कारणाचा दाखला ते देतील ना. ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत करायची. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून जिथून आणल्या तिथे परत करा. शेजारच्या कुणाच्या गुडघ्यासाठी म्हणून देऊ नका.

वही मात्र ठेवा. पुढे कधीतरी रात्री यजमान उठून बसतील आणि म्हणतील, "शेवटची गोळी मीच दिली." रोज पाच वेळा गोळी चालू असलेल्या माणसाची कुठली तरी गोळी शेवटची असणारच. तेव्हा वही उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवा, आणि किती ओळींपुढे आबांनी "चार आणे" सांगितलंय ते दोघं मिळून बघा.